नामदार नाना शंकरशेट आणि मुंबईची पेठ

दैवज्ञ ज्ञातीच्या स्मरणिकेत नामदार जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना यांचे चित्र नाही, असे सहसा घडत नाही. त्यांच्या शिक्षणकार्याची व आगगाडीची हकीकत आमच्या वाचकांनी लहानपणापासून ऐकलेली आहे. तीच पुन्हा सांगावी असा आमचा हेतू नाही. परंतु कुर्ल्यासारख्या उपनगरात राहणाऱ्या आमच्या ज्ञातिबांधवांपुढे गेली कित्येक वर्षे एक विषय सतत उभा आहे, तो जुन्या वास्तूंच्या पुनर्विकासाचा. चाळी पाडल्या जात आहेत, सराफी पेढ्यांच्या जागी उंच मनोरे येत आहेत, आणि ज्यांनी आयुष्यात कधी दस्तऐवज वाचला नाही अशी वडीलधारी माणसे करारनाम्यांवर सह्या करीत आहेत. अशा काळी नानांच्या चरित्राची एक फारशी न पाहिलेली बाजू पाहावी असे आम्हांस वाटले. त्यांच्या हयातीत मुंबईची मुख्य पेठ दोन वेळा मोडली व दोन वेळा नव्याने बसली. शहर वाढू लागले म्हणजे जागेचा प्रश्न कसा उपस्थित होतो, आणि ज्याच्यापाशी जागा व पैसा दोन्ही आहेत अशा गृहस्थाने त्या वेळी काय करावे, हे त्यांच्या आयुष्यक्रमात जितके स्पष्ट दिसते तितके फार थोड्यांच्या चरित्रात दिसेल.

नानांचे घराणे मूळचे ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचे. आडनाव मुरकुटे. अठराव्या शतकात त्यांचे पूर्वज गणबाशेट मुंबईस येऊन कोटात स्थायिक झाले व व्यापारात त्यांनी चांगला जम बसविला. कोटातील एका रस्त्यास गणबाशेटांचे नाव पडले आणि इंग्रजांच्या तोंडी त्याचे गनबाव स्ट्रीट असे रूप झाले. पुढे त्या रस्त्याचे अधिकृत नावही बदलले. आज तो रुस्तम सिधवा मार्ग या नावाने ओळखला जातो, व तेथून जाणाऱ्या शंभरांतल्या एकालाही गणबाशेट ठाऊक असण्याचे कारण नाही. पेठेतील नावांचे आयुष्य किती असते याचा हा एक नमुना होय.

त्या काळी आमच्या ज्ञातीची सामाजिक स्थिती कशी होती, हे येथे सांगणे अवश्य आहे. १७७९ साली पेशवे दरबाराच्या आग्रहावरून कंपनी सरकारच्या मुंबई येथील कौन्सिलाने सोनार मंडळींनी नमस्कार हा शब्द उच्चारून अभिवादन करू नये असा हुकूम काढला होता. व्यापारात पत होती, पेढीवर शेकडो लोकांचा विश्वास होता, आणि तरीही रस्त्यात भेटलेल्या गृहस्थास कोणत्या शब्दाने अभिवादन करावे हे मात्र सरकार ठरविणार, अशी ती अवस्था. ज्ञातीच्या वेदोक्ताधिकाराचा जो वाद पुढे बरीच वर्षे चालला, त्यात तरुणपणी नानांनीही भाग घेतला. ज्या मुंबईच्या कौन्सिलाने हा हुकूम काढला होता, त्याच मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात १८६२ साली नाना जाऊन बसले. या दोन सालांत केवळ ८३ वर्षांचे अंतर आहे.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी झाला. त्यानंतर बरोबर सात दिवसांनी, १७ फेब्रुवारीस, मुंबईच्या कोटात प्रचंड आग लागली व तेथील देशी बाजारपेठेचा फार मोठा भाग भस्मसात झाला. मुंबईच्या इतिहासात ही आग महत्त्वाची मानतात ती केवळ झालेल्या हानीमुळे नव्हे. कोटाच्या तटाआत घरे, वखारी, दुकाने आणि दारूगोळा यांची जी दाटी झाली होती तिचा सरकारला धसका बसला. जळलेल्या भागात रस्ते रुंद करण्याचे ठरले आणि एतद्देशीय व्यापाऱ्यांची बरीच वस्ती मैदानापलीकडे सरकू लागली. काळबादेवी, भुलेश्वर, गिरगाव ही जी भरगच्च पेठ आज आपण पाहतो, तिच्या भरभराटीस या आगीने मोठा जोर दिला. शंकरशेटांचे घराणेही पुढे गिरगावचे म्हणूनच प्रसिद्ध झाले.

याच सुमारास उत्तरेकडेही एक मोठे काम चालले होते. मुंबई बेटाच्या टोकास असलेले शीव आणि साष्टी बेटावरील कुर्ला यांच्यामध्ये खाडी व दलदल होती. गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या कारकिर्दीत तेथे बंधारा बांधून रस्ता करण्यात आला आणि १८०५पर्यंत कुर्ले मुंबईस जोडले गेले. त्यानंतर लवकरच, १८०८ साली, एक व्यवहार झाला, त्याकडे आम्ही कुर्लेकर वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधू इच्छितो. मुंबईतील अपोलो दरवाजाजवळची एक जागा सरकारला पाहिजे होती. ती होरमसजी बमनजी वाडिया या पारशी व्यापाऱ्याकडून घेऊन तिच्या मोबदल्यात सरकारने त्यांस कुर्ला, मोहिली आदी गावे दिली. पेठेतील एका तुकड्याची किंमत उपनगरातील अनेक गावांइतकी ठरली. त्या गावांत राहणाऱ्या कोळी, कुणबी, आगरी व ख्रिस्ती रयतेस या सौद्यात कोणी काही विचारले असेल असे मानण्यास आधार नाही.

१८२२ साली पिता शंकरशेट निवर्तले, तेव्हा नाना अवघे एकोणीस वर्षांचे होते. एवढ्या मोठ्या पेढीचा भार या वयात अंगावर पडला असता भल्याभल्यांचा तोल जातो. नानांचा गेला नाही. त्यांच्या सचोटीची ख्याती अशी होती की, अरब व अफगाण व्यापारीसुद्धा आपला ऐवज बँकेत न ठेवता नानांच्या हवाली करीत. सराफाच्या धंद्यात याहून मोठे प्रशस्तिपत्र नसते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. लोकांची ठेव आपल्या घरी असणे आणि ती आपली नसणे, या दोहोंची जाणीव या धंद्यात मुरलेल्या माणसास उपजतच असते. नानांनी पुढे आपल्या जमिनींविषयी जे वर्तन ठेवले त्याचे मूळ आम्हांस या जाणिवेत दिसते. हे आमचे मत झाले. कोणास पटेल, कोणास न पटेल.

ग्रँट रोडच्या नाटकगृहाची गोष्ट पाहावी. कोटात बाँबे ग्रीन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मैदानावर साहेबलोकांचे एक जुने नाटकगृह होते. ते कर्जात बुडाले व १८३५ साली विकले गेले. नवे नाटकगृह पाहिजे, परंतु कोटात जागा नाही, असा पेच पडला असता नानांनी ग्रँट रोडवरील आपली जागा त्यासाठी दिली. गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांच्या नावाचा तो रस्ता तेव्हा नवा होता. आजूबाजूस दाट वस्ती नव्हती, व इतक्या दूर नाटक पाहावयास कोण जाणार अशी शंका घेणारेही असतील. १८४६ साली ते नाटकगृह उघडले. प्रारंभी तेथे इंग्रजी खेळ होत. परंतु १८५३ साली सांगलीकर विष्णुदास भावे आपली मंडळी घेऊन मुंबईस आले तेव्हा त्याच रंगमंचावर मराठी नाटक उभे राहिले, आणि पुढे गुजराती व उर्दू नाटक मंडळ्यांनी ते गाजविले. कोटातील मैदानावर मर्यादित लोकांसाठी जे चालत होते ते ग्रँट रोडवर येताच सर्वांचे झाले. नानांनी एवढा पल्ला आधीच पाहिला होता असा दावा आम्ही करीत नाही. रस्ता नवा होता, जागा होती, ती त्यांनी मोकळ्या हाताने दिली, एवढे खरे. आसपासच्या भूमीचा भाव पुढे वाढला व त्याचा लाभ त्यांच्या घराण्यासही झालाच असेल. ते लपविण्याचे काही कारण आम्हांस दिसत नाही.

शाळेच्या बाबतीतही हाच क्रम. एतद्देशीयांच्या शिक्षणासाठी १८२०नंतर मुंबईत ज्या संस्था निघाल्या त्यांच्या चालकांत नाना प्रारंभापासून होते. १८४०नंतर ते बोर्ड ऑफ एज्युकेशनचे सभासद झाले. तेथे शिक्षण इंग्रजीतून द्यावे की देशी भाषांतून, असा कडाक्याचा वाद झाला. इंग्रजीचा कैवार घेणाऱ्या सर अर्स्किन पेरी यांच्याविरुद्ध नानांनी १८४७ साली मातृभाषेचा पक्ष घेतला. त्याविषयी अन्यत्र पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस विशेष वाटते ते मुलींच्या शाळेचे. स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीच्या तरुणांनी मुलींच्या शाळा काढण्याचे मनावर घेतले तेव्हा प्रश्न आला जागेचा. मुलींना शिकवावयाचे म्हटल्यावर आपली ओसरी देण्यास त्या काळी कोण तयार होणार? १८४९ साली नानांनी गिरगावातील आपल्या वाड्याच्या आवारात शाळेस जागा करून दिली. आपल्या राहत्या वास्तूत ज्ञातीच्या व शेजाऱ्यांच्या डोळ्यांसमोर अशी शाळा भरविणे ही केवळ देणगी नव्हे. रकमेची देणगी देऊन माणूस मोकळा होतो. जागा दिली म्हणजे रोज सकाळी त्या कृत्याचे समर्थन करावे लागते.

आता सोनापूरच्या प्रकरणाकडे वळू. शहर वाढू लागले की त्याला आपले मृत अडचणीचे वाटू लागतात. समुद्रकाठची सोनापूरची हिंदू स्मशानभूमी ही कधी काळी वस्तीबाहेर होती. पेठ पसरत गेली व स्मशान वस्तीच्या अंगास येऊन भिडले. तेव्हा ती भूमी तेथून उठवून शिवडीस न्यावी असे सरकारने मनात आणले. आरोग्याच्या दृष्टीने त्या बेतास काही आधार असेलही. परंतु गिरगाव, भुलेश्वर, ठाकूरद्वार येथील माणसाने आपले प्रेत खांद्यावर घेऊन शिवडीपर्यंत कसे जावे? ज्याच्या घरी गाडीघोडा त्याचे निभावले असते. दिवसाच्या मजुरीवर पोट असणाऱ्याने आईबापाच्या अंत्यविधीसाठी सबंध मुंबई ओलांडावी, असा त्या हुकुमाचा अर्थ होता. नाना या बेताच्या आड उभे राहिले आणि सरकारला तो सोडावा लागला. मरीन लाइन्स स्थानकाजवळ चंदनवाडी येथे आजही अंत्यविधी होतात.

नानांना स्वतःला या प्रकरणात काही मिळवावयाचे नव्हते. पुनर्विकासाच्या आजच्या चर्चेत चटईक्षेत्र, वाहनतळ व कायम निधी यांचा हिशेब बारकाईने होतो, आणि तो व्हावयासच पाहिजे. परंतु देऊळ, व्यायामशाळा, पाणवठा, स्मशान, पोरांचे खेळण्याचे अंगण या गोष्टी कोणाच्याही सातबारावर वा करारनाम्यात एका नावाने नसतात, म्हणून त्यांच्या वतीने बोलण्यास कोणी उभा राहत नाही. १८४५च्या आगेमागे मुंबईत तो माणूस नाना होते. त्याच काळात सरकारने मैदानावरील चराईस कर लावला असता सर जमशेटजी जिजीभाई यांनी ठाकूरद्वाराजवळ जमीन विकत घेऊन गुरांसाठी मोकळी ठेवली, ही गोष्टही या संदर्भात स्मरणीय आहे. मुंबईच्या त्या पिढीतील धनिकांत हा एक गुण होता.

याच जमशेटजींच्या सहकार्याने नानांनी १८४५ साली आगगाडीची कल्पना उचलून धरली. १८४९ साली विलायतेत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी रीतसर स्थापन झाली. ३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीवजवळ कामाची पहिली कुदळ पडली. शीव ओलांडून कुर्ल्याच्या बाजूस जावयाचे म्हणजे पुन्हा तीच दलदल. डंकनच्या बंधाऱ्याने माणसांना व बैलगाड्यांना जी वाट दिली होती तिच्या शेजारून आता लोखंडी रस्त्यासाठी भराव घालावा लागला. रेल्वेच्या कचेरीसाठी नानांनी आपल्या वाड्यात जागा दिली असे ज्ञातीत परंपरेने सांगतात. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदराहून १४ डब्यांची गाडी सुमारे ४०० निमंत्रितांना घेऊन ठाण्यास निघाली. त्या निमंत्रितांत नानाही होते. २१ मैलांच्या त्या वाटेवर कुर्ल्याची भातशेते व मिठागरे लागली.

त्या दिवशी कुर्ल्याचे भवितव्य ठरले असे म्हणण्यास हरकत नाही. रेल्वे आली म्हणून गिरणी आली. कुर्ल्यातील धरमसी पुंजाभाई यांची गिरणी ही इलाख्यातील फार मोठ्या गिरण्यांपैकी एक होती. ती डबघाईस आल्यावर १८८६ साली जमशेटजी टाटांनी विकत घेऊन स्वदेशी मिल या नावाने चालविली. गिरणी आली म्हणून चाळी आल्या, आणि चाळींमागून किराणा, कापड व सोन्याचांदीची दुकाने आली. कोकणातून व घाटावरून आलेले आमचे ज्ञातिबांधव ज्या पेठेत भट्टी व तराजू घेऊन बसले, ती पेठ या क्रमाने तयार झाली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत देशातील पहिली विजेवरची प्रवासी गाडी धावली. १९५० साली कुर्ले बृहन्मुंबईत सामील झाले. पुढच्या हकीकती वाचकांनी डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

नानांच्या अखेरच्या वर्षांत पेठ दुसऱ्यांदा मोडली, परंतु या वेळी आगीने नव्हे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, विलायतेतील गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला, आणि आपल्या कापसाचा भाव आकाशास भिडला. मुंबईत पैशाचा पूर आला. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी १८६२ साली कोटाचा तट पाडण्याचे काम हाती घेतले. ज्या तटाआड गणबाशेटांनी व्यापार मांडला होता तो दगडदगड करून उतरविला गेला. बाँबे ग्रीनच्या जागी गोलाकार इमारतींचे एल्फिन्स्टन सर्कल उभे राहू लागले, ते आजचे हॉर्निमन सर्कल होय. समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या भागांसाठी माणसे वेडी झाली. अजून पाण्याखाली असलेल्या भूमीचे भाग दसपट किमतीस विकले जात होते.

या धुमाळीत नानांचे नाव कोठे आढळते? ते आढळते भायखळ्याच्या बागेत व पदार्थसंग्रहालयाच्या खटपटीत. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी तेथील राणीच्या बागेचे उद्घाटन झाले व संग्रहालयाच्या इमारतीची पायाभरणीही त्याच वर्षी झाली. डॉ. भाऊ दाजी लाड व जॉर्ज बर्डवुड यांच्याबरोबर त्या कामाचा निधी जमविण्यात नानांचा पुढाकार होता. चाळीपेठेत राहणाऱ्या माणसास बायकामुलांसह सुटीच्या दिवशी जाऊन सावलीत बसावयास ती एक जागा झाली. संग्रहालय १८७२ साली उघडले, ते पाहावयास नाना राहिले नाहीत.

त्यांच्या राजकीय कार्याचा विस्तार आम्ही येथे करीत नाही. २६ ऑगस्ट १८५२ रोजी स्थापन झालेल्या बाँबे असोसिएशनचे ते अध्यक्ष होते, आणि १८५७च्या धामधुमीत त्यांच्यावर आलेला राजद्रोहाचा संशय चौकशीअंती निराधार ठरला, एवढा उल्लेख पुरे.

अमेरिकेतील युद्ध १८६५च्या वसंतात संपले. कापूस कोसळला. १ जुलै १८६५ या सौदे पुरे करण्याच्या दिवशी मुंबईचा बाजार बसला. बँका बुडाल्या, घराणी धुळीस मिळाली, भाऊ दाजींसारखा विद्वान व परोपकारी पुरुषही त्यात पोळला. त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ जुलै रोजी, नानांचे देहावसान झाले.

त्यांच्या नावाची संस्कृत शिष्यवृत्ती सुरू झाली. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांनी मिळविली, जे पुढे देशाचे अर्थमंत्री झाले. एशियाटिक सोसायटीच्या सभागृहात नानांचा संगमरवरी पुतळा आहे. गिरगावच्या जुन्या हमरस्त्यास जगन्नाथ शंकरशेट मार्ग व ग्रँट रोडजवळच्या चौकास नाना चौक असे नाव दिले गेले. २०२४ साली मुंबई सेंट्रल स्थानकास त्यांचे नाव देण्याचा ठराव महाराष्ट्र विधिमंडळाने मंजूर केला.

१९७७ साली कोटातील दाटी कमी करावी म्हणून वांद्रे-कुर्ला संकुलाची जबाबदारी प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोपविण्यात आली, आणि मिठी नदीकाठच्या दलदलीत बँका व हिऱ्यांचा बाजार येऊन बसला. १८०८ साली कोटातील एका तुकड्यासाठी कुर्ल्याची गावे गेली होती. दीडशेहून अधिक वर्षांनी कोटच कुर्ल्याच्या वेशीवर राहावयास आला. ऑक्टोबर २०२५पासून त्या संकुलातून निघणारी भुयारी मेट्रो दक्षिणेकडे कफ परेडपर्यंत जाते. वाटेत मुंबई सेंट्रलजवळचे स्थानक जगन्नाथ शंकरशेट या नावाचे आहे, व त्यापुढे ग्रँट रोड, गिरगाव, काळबादेवी अशी स्थानके लागतात. या मार्गासाठी गिरगाव व काळबादेवी येथील कित्येक जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. तेथील रहिवाशांनी दूर जाण्यास नकार दिला, आणि त्यांचे पुनर्वसन त्याच पेठेत करण्याचे शासनास मान्य करावे लागले.